घरमालक गेला, कमिटी आली

सोसायटीच्या सेक्रेटरीला थकबाकीदाराचे पाणी तोडता येते का, हा वाद लातूर-नांदेडच्या अपार्टमेंटांत अधूनमधून पेटतो. कायद्याने त्याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. 'मोफा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्यात १२-अ हे कलम आहे. बिल्डर असो, इमारतीचा कारभार पाहणारा असो, कमिटीचा सदस्य, सेक्रेटरी किंवा आणखी कोणी असो, रास्त व पुरेशा कारणाशिवाय त्याला सदनिकाधारकाचा आवश्यक पुरवठा तोडता, अडवता किंवा कमी करता येत नाही, असे ते कलम सांगते. आवश्यक पुरवठ्यात पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि साफसफाई हे सगळे येते. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याचे २४ वे कलम याच्या शेजारी ठेवून वाचले की नाते लगेच कळते. हेच बंधन, जवळजवळ याच शब्दांत, तिथे घरमालकावर घातलेले होते. गृहनिर्माण संस्थांच्या कमिट्यांवर कायद्याने घातलेल्या मर्यादांचा उगम मला या सारखेपणात दिसतो. कमिटी सभासदांनीच निवडलेली असते, म्हणून ती सभासदांना त्रास देणार नाही, हे गृहीतक कायदा करणाऱ्यांनी कधी धरलेच नाही. घराच्या नाड्या ज्याच्या हाती, तो घरमालकासारखा वागू शकतो, हा अनुभव त्यांनी चाळी आणि वाड्यांमधून आणला आणि निवडून आलेल्या कमिटीलाही लागू केला. सहकारी वसाहत मराठवाड्यात उशिरा आणि निराळ्या वाटेने आली. इथला अनुभव तपासला की हे धोरण बरोबरच होते, असे म्हणावे लागते.

मुंबईतली सुरुवात सर्वांना ठाऊक आहे. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली नोंदवली गेली आणि तिच्यामागे रावबहादूर तालमकी होते. घरमालकाच्या मर्जीतून सुटण्याचा मार्ग म्हणून भाडेकरूंनीच एकत्र येऊन मालक व्हायचे, ही त्यामागची कल्पना होती. जमीनही संस्थेची, इमारतही संस्थेची, सभासद तिथे हक्काने राहणार, अशी ती रचना. पुढे १९२५ चा मुंबई सहकारी संस्था कायदा आला. त्याआधीपासून, पहिल्या महायुद्धाच्या काळात, भाडेवाढीला आणि घराबाहेर काढण्याला आळा घालणारे कायदेही सुरू झाले होते. म्हणजे भाडेकरूचे संरक्षण आणि सहकारी घर या दोन गोष्टी एकाच टंचाईतून, एकाच पिढीत जन्मल्या. स्वातंत्र्यानंतर बिल्डरांनी 'ओनरशिप'चे फ्लॅट विकायला सुरुवात केली, तेव्हा तिसरा प्रकार पुढे आला. पैसे घेऊन ताबा न देणे, जमिनीची मालकी स्वतःकडेच ठेवणे, संस्था स्थापन होऊच न देणे अशा तक्रारी इतक्या वाढल्या की राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, सरकारने समिती नेमली आणि तिच्या अहवालानंतर मोफा आला. सहकाराची आणि भाडेनियंत्रणाची परंपरा पुढे १२-अ सारख्या कलमात एकत्र आली.

मराठवाडा या सगळ्याच्या बाहेर होता. नांदेड आणि लातूर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. लातूर तर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. सहकाराचा कायदा हैदराबाद संस्थानातही १९१४ च्या सुमारास आला, पण त्याचा रोख पतपुरवठ्यावर होता. शहरी घर हा त्याचा विषय नव्हता. लातूर वाढले ते गंजामुळे. गोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर आडत, दुकान आणि वरच्या मजल्यावर घर, अशी वस्ती झाली. नांदेडला उस्मानशाही मिल, रेल्वे आणि गुरुद्वाऱ्याभोवतीचे जुने शहर होते. भाड्याने राहणारा माणूस वाड्यातल्या दोन खोल्यांत राहत होता आणि नळ, आड, संडास, जिना या सगळ्यांवर मालकाची नजर असे. या भाडेकरूसाठी १९५४ साली हैदराबादचा घरभाडे, निष्कासन व पट्टा नियंत्रण कायदा झाला. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी हा हैदराबादी कायदाच इथे चालत राहिला. ३१ मार्च २००० पासून राज्यभराचा नवा भाडेनियंत्रण कायदा लागू झाला तेव्हा कुठे तो गेला. या कायद्याचे एक वैशिष्ट्य नोंदवण्यासारखे आहे. त्यात वाद आधी 'कंट्रोलर'कडे, म्हणजे शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जात असे. मुंबई-पुण्याचा भाडेकरू न्यायालयाच्या पायऱ्या चढत होता, तेव्हा मराठवाड्यातला भाडेकरू कचेरीत अर्ज देत होता. पुढे सोसायटीच्या तक्रारी सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे नेण्याची वेळ आली, तेव्हा अर्ज, नोटीस, सुनावणी, आदेश ही वाट इथल्या लोकांना परकी वाटली नसावी.

गृहनिर्माण संस्था इथे आल्या त्या मुख्यतः प्लॉटच्या रूपात. शिक्षक, बँक कर्मचारी, महसूल किंवा पाटबंधारे खात्यातले लोक एकत्र येत, गावाबाहेरची शेतजमीन घेत, ती बिगरशेती (एनए) करून घेत, ले-आउट मंजूर करून घेत आणि चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटत. सहकार नियमांत गृहनिर्माण संस्थांचे जे वर्ग आहेत, त्यांपैकी एकात जमीन संस्थेच्या नावावर राहते आणि घर सभासदाचे असते. हा वर्ग मुंबईच्या सहमालकीच्या संस्थांहून वेगळा आहे. अशा संस्थेत कमिटीची खरी सत्ता दोन ठिकाणी एकवटते. एक म्हणजे प्लॉट दुसऱ्याच्या नावावर करताना लागणारी संमती. दुसरे म्हणजे ले-आउटमधली मोकळी जागा. प्लॉट वाटून झाले, घरे बांधली गेली, रस्ते नगरपालिकेकडे गेले की बहुतेक सभासदांना संस्थेचा विसर पडतो आणि दोन-तीन पदाधिकाऱ्यांच्या हाती शिक्का, सभासद-नोंदवही आणि ओपन स्पेसचा कागद उरतो. सभासदाने वीस-पंचवीस वर्षांनी घर विकायला काढले की 'सोसायटीची एनओसी' आठवते, आणि तेव्हा शिक्का ज्याच्याकडे आहे त्याची किंमत कळते. नांदेडमध्ये या प्लॉट-संस्कृतीला सिडको आणि हडकोच्या वसाहतींची जोड मिळाली. १९९७ मध्ये नांदेड-वाघाळा महानगरपालिका झाली आणि २००८ च्या गुरुता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने झालेल्या रस्ते व पायाभूत कामांनंतर उंच इमारतींनी वेग घेतला. लातूरमध्ये १९९३ च्या किल्लारी भूकंपाने काही काळ उंच बांधकामाची धास्ती घातली, पण 'लातूर पॅटर्न'मुळे शिकायला येणाऱ्या मुलांनी भाड्याच्या घरांना कायमचे गिऱ्हाईक मिळवून दिले. अपार्टमेंट आले ते या मागणीवर.

अपार्टमेंट आले तसा पैशाचा कारभार आला. मेंटेनन्सचे बिल नीट वाचले तर कमिटीवर कायद्याने किती ठिकाणी खुणा करून ठेवल्या आहेत ते दिसते. सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, झाडलोट, जिन्यातली वीज, कार्यालयखर्च, हे प्रत्येक सदनिकेला सारखे. फ्लॅट मोठा म्हणून जास्त नाही. पाणीपट्टी सदनिकेतल्या नळांच्या हिशेबाने. दुरुस्ती निधी बांधकामखर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड किमान पाव टक्का. थकबाकीवर व्याज लावता येते, पण आदर्श उपविधींनी त्याची कमाल २१ टक्के, तीही सरळ व्याजाने, ठरवली. सदनिका भाड्याने दिली तर बिनभोगवटा शुल्क. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर बांधले. त्याच महिन्यात हस्तांतरण अधिमूल्यालाही मर्यादा आली: महापालिका हद्दीत २५ हजार, 'अ' वर्ग नगरपालिकेत २० हजार आणि तिथून उतरत ग्रामपंचायतीत ५ हजार. वारसांना किंवा कुटुंबातल्या माणसाला घर दिले तर अधिमूल्य नाहीच. ही पायरी नांदेड-लातूरच्या बाबतीत गमतीदार आहे. नांदेडला तेव्हा महापालिका होती, लातूरला २०११ पर्यंत नगरपालिका. त्यामुळे दोन शहरांतल्या सारख्या फ्लॅटसाठी दहा वर्षे कमिटीच्या मागणीची कमाल वेगवेगळी होती.

१० टक्क्यांच्या या मर्यादेची न्यायालयीन कसोटी मुंबईतच लागली. माँट ब्लाँक या गृहनिर्माण संस्थेने शासनाच्या आदेशाला आव्हान दिले आणि २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. परिणाम मात्र लातूरसारख्या शहरात अधिक खोल गेला. मुंबईत बिनभोगवटा शुल्काचा वाद प्रामुख्याने परदेशी किंवा दुसरीकडे राहणाऱ्या श्रीमंत मालकाशी होता. लातूरमध्ये फ्लॅटचा मालक अनेकदा औशाचा, निलंग्याचा किंवा अहमदपूरचा शेतकरी वा शिक्षक असतो. त्याने पोरांच्या शिक्षणासाठी फ्लॅट घेतलेला असतो आणि पोरे पुढे गेली की तो भाड्याने देतो. राहणारे सभासद कमिटीवर, न राहणारे सभासद गावाकडे. सभेला कोण येणार हे उघड आहे. बहुमत अशा वेळी सहज आपला बोजा गैरहजर माणसावर टाकते. पोरांचा गोंगाट होतो म्हणून विद्यार्थ्यांना घर द्यायचे नाही, असा ठरावही सभेत हात वर करून होऊ शकतो. पण ठराव म्हणजे उपविधी नव्हे. उपविधीतली दुरुस्ती दोन तृतीयांश बहुमताने मंजूर व्हावी लागते आणि निबंधकाने ती नोंदवेपर्यंत तिला कायद्याचे बळ नसते. कायद्याशी विसंगत दुरुस्ती निबंधक नोंदवू शकत नाही. भाडेकरू ठेवणाऱ्याने संस्थेला कळवायचे आणि नोंदणीकृत कराराची प्रत द्यायची, एवढे संस्थेच्या हाती आहे. बहुमताने केलेली मनमानीसुद्धा मनमानीच असते, हे इथे कायदा स्पष्टपणे मान्य करतो.

या विचाराची सगळ्यात कठीण परीक्षा २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरने घेतली. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून १० वाघिणींची पहिली 'जलदूत' रेल्वे सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन आली. पुढे वाघिणींची संख्या ५० वर गेली. या काळात अपार्टमेंटमधली लढाई शहराच्या लढाईहून लहान, पण त्याच जातीची होती. बोअर आटले, नळाला पाणी आठवड्यांनी येऊ लागले आणि टँकर हाच आधार राहिला. टँकर रोखीने येतो. ज्याने तीन महिन्यांचे मेंटेनन्स दिलेले नाही त्याच्याही टाकीत तेच पाणी चढते. गच्चीवर प्रत्येक सदनिकेच्या जलवाहिनीला वेगळा व्हॉल्व्ह असतो आणि तो फिरवायला पाना पुरतो. अशा वेळी कमिटीला बांधून ठेवणे अन्यायाचे नाही का, असे कोणीही विचारील. आक्षेप खरा आहे. 'रास्त व पुरेसे कारण' या शब्दांत काहींना थकबाकीचाही समावेश करता येईल. पण टंचाईतच हे बंधन जास्त गरजेचे असते. पाणी मुबलक असताना व्हॉल्व्ह बंद करणे हा त्रास आहे. पाणी नसताना तो बंद करणे म्हणजे माणसाला घराबाहेर काढणे आहे. निष्कासन करायचे तर त्याची कायदेशीर पद्धत असते, सुनावणी असते. व्हॉल्व्ह बंद करणाऱ्याला यांपैकी काहीच लागत नाही. भाडेनियंत्रण कायद्याने घरमालकाच्या हातून नेमके हेच शस्त्र काढून घेतले होते: खटला न भरता, नळ बंद करून भाडेकरूला हुसकणे.

आणि कमिटीला त्याच्या बदल्यात काहीच दिलेले नाही, हेही खरे नाही. कमिटीवरचे लोक फुकट राबतात, शिव्या खातात, त्यावर कायद्याचा बडगा, मग कोण होणार सेक्रेटरी, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे. 'एम-२०' बंधपत्रावर सह्या घेऊन कारभाराची जबाबदारी वैयक्तिक मालमत्तेपर्यंत नेण्याची पद्धत अनेकांना कमिटीपासून दूर ठेवत आली. पण याच कायद्याने गृहनिर्माण संस्थेला असे साधन दिले आहे जे साध्या सावकाराला नाही. जुने कलम १०१ आणि २०१९ नंतर त्याच्या जागी आलेले १५४-ब-२९ यांखाली संस्था निबंधकाकडून वसुली दाखला मिळवू शकते. तो मिळाला की दिवाणी दावा न लढता, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते आणि शेवटी फ्लॅटची जप्तीही होऊ शकते. थकबाकीदाराला हा मार्ग पाणी तोडण्याहून जास्त महाग पडतो. फक्त त्यात कागद लागतात, ठराव लागतो, बिलांच्या प्रती लागतात आणि थकबाकीदाराला आपले म्हणणे मांडता येते. कायद्याने केलेला सौदा असा आहे: हातातला पाना खाली ठेवा, दाखला घ्या. तो सौदा कमिटीच्या तोट्याचा नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. सोसायटीत येताना सभासद उपविधी मान्य करून सही करतो. मग त्याने स्वतःहून स्वीकारलेल्या नियमांत सरकारने का डोकवावे? सर्वोच्च न्यायालयानेही १९८५ च्या दमन सिंग खटल्यात म्हटले आहे की सहकारी संस्थेचा सभासद झाल्यावर माणूस संस्थेपुरते आपले वेगळेपण गमावतो. कायद्याने आणि उपविधींनी दिले तेवढेच त्याचे हक्क. पुढे २००५ मध्ये झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले आणि सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा अहमदाबादच्या संस्थेचा उपविधी वैध ठरवला. या निकालांवरून कमिटीचे हात मोकळे झाले, असा अर्थ काढला जातो. मला ते उलटे वाटते. सभासदाचे हक्क कायद्यापुरतेच असतील, तर कायद्यात लिहिलेली मर्यादा हीच त्याची एकमेव ढाल आहे. ती काढली तर काहीच उरत नाही. 'स्वेच्छेने केलेला करार' ही सबबही जुनीच आहे. कृष्णवर्णीयांना घर विकायचे नाही, असे करार अमेरिकेतल्या वसाहतींमधले मालक आपसात करत. १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात सांगितले की असे करार न्यायालयाच्या जोरावर अमलात आणता येणार नाहीत. महाराष्ट्राच्या कायद्यात पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, ही तरतूद आहे आणि नकार मिळालेल्याला अपील करता येते. जिथे जातीवरून आणि धर्मावरून घर नाकारले जाते तिथे ही तरतूद दुबळी करणे म्हणजे जुन्या गावाची वेस नव्या कंपाउंडला लावणे होय.

तिसरा आक्षेप सरकारविषयी आहे. निबंधकाचा हस्तक्षेप म्हणजे सहकाराचा मृत्यू, असे म्हणणारे ९७ व्या घटनादुरुस्तीचा दाखला देतात. २०१२ पासून लागू झालेल्या त्या दुरुस्तीचा हेतूच संस्थांना स्वायत्तता देणे हा होता. पण स्वायत्ततेच्या नावाने राज्यात काय झाले? २०१३ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांच्या निवडणुकाही राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे गेल्या आणि बारा-पंधरा सदनिकांच्या इमारतीलाही निवडणूक अधिकारी शोधावा लागला. ती चूक २०१९ मध्ये दुरुस्त झाली. गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि २५० पर्यंत सभासद असलेल्या संस्थांना आपली निवडणूक आपण घेण्याची मोकळीक मिळाली. केंद्राच्या दुरुस्तीतील राज्यांच्या संस्थांपुरता भाग तर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. यातून शिकायचे ते हे: कोणी निवडून यावे, सभा कधी घ्यावी, वॉचमन कोण ठेवावा, यांत सरकारने पडू नये, निवडून आलेल्याने काय करू नये, एवढेच सांगावे. पहिल्या प्रकारचे नियंत्रण सहकाराला मारते, दुसरे त्याला टिकवते. व्यवहारात हे कागदावरच राहते, ही तक्रारही रास्त आहे. जिल्हा उपनिबंधकाच्या टेबलावर पतसंस्था, बाजार समित्या आणि विकास सोसायट्यांची प्रकरणे असतात. त्यांत आठ फ्लॅटच्या इमारतीचा अर्ज खाली जातो. पण कायदा हळू चालतो म्हणून तो नको, हा युक्तिवाद घरमालकांनीही १९४७ नंतर केलाच होता.

खरी उणीव वेगळीकडे आहे. सहकारी संस्थेसाठी निदान दहा वेगवेगळ्या कुटुंबांतले सभासद लागत. नांदेड-लातूरच्या गल्ल्यांत मात्र सहा किंवा आठ फ्लॅटच्या इमारती सर्रास उभ्या राहिल्या. त्यांची सोसायटी होऊच शकत नव्हती. काहींनी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली डीड ऑफ डिक्लेरेशन केले, अनेकांनी काहीच केले नाही. तिथे बिल्डरच वर्षानुवर्षे व्यवस्थापक राहिला, किंवा मोटारीची किल्ली ज्याच्याकडे तो सेक्रेटरी झाला. जमिनीचे खरेदीखत संस्थेच्या नावावर होण्याचा प्रश्नच आला नाही. २००८ मध्ये आलेल्या मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने करून न दिलेली जमिनीची मालकी सरकारी आदेशाने मिळवण्याचा, लाभ घ्यायलाही आधी संस्था लागते. २०१९ च्या दुरुस्तीने किमान संख्या पाचवर आणली, तेव्हा अशा इमारतींना पहिल्यांदा दार उघडले. तरीही 'नोंदणी केली की निबंधक, ऑडिट आणि नियम मागे लागतात' म्हणून अनेक जण बाहेर राहणेच पसंत करतात. त्यांनी हिशेब उलट बाजूनेही करून पाहावा. नोंदणी नसलेल्या इमारतीत व्यवस्थापकाला उपविधींचे कुंपण नाही, हे खरे; पण त्याच इमारतीत थकबाकीदाराविरुद्ध वसुली दाखला मिळत नाही, जमिनीवर दावा सांगता येत नाही आणि हिशेब मागणाऱ्याला जायला कचेरी नाही. कमिटीचे अधिकार आणि कमिटीवरच्या मर्यादा कायद्याने एकाच नोंदणी प्रमाणपत्रात बांधून दिल्या आहेत. एक घेऊन दुसरे टाकण्याची सोय त्यात नाही, आणि नसावीच.